ओसाकाहून तेरा तास

१

इल्पो घरी यायचा असला की मी माशाचं सूप करते. सामन, बटाटे, साय आणि उतरवताना मूठभर शेपू. हे सूप ताजंच खायचं असतं, पुन्हा गरम केलं की मासा चिवट होतो. म्हणून ते नेमकं कधी चढवायचं हा प्रश्न पडायला हवा. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला तो पडलाच नाही, कारण इल्पोच्या आधी त्याची चाहूल यायची.

अंगणातल्या खडीवर पावलं. बाहेरच्या दाराच्या कुलुपात किल्ली, दोनदा फिरवलेली, कारण पहिल्यांदा ती हमखास अडकते. मग बॅग खाली ठेवल्याचा धप्प आवाज. मी आतलं दार उघडून बघावं तर कुणी नाही. सातआठ मिनिटांनी तोच सगळा क्रम पुन्हा, ह्या खेपेला इल्पोसकट.

आमच्याकडे ह्याचं कुणाला विशेष वाटत नाही. माझे सासरे तौनो, ज्यांना मी पप्पा म्हणते, ते तर ह्यावर हवामानाबद्दल बोलावं तसं बोलत.

‘माझ्या आईला बापाची चाहूल लागायची. तो जंगलातून लाकूडतोड करून यायचा. चाहूल लागली की ती बटाटे चढवायची. त्यानं बूट काढेपर्यंत बटाटे तयार.’

‘आणि चाहूल लागली पण माणूस आलाच नाही, असं कधी?’

‘एकदा झालं. वाटेत गुत्त्यात शिरला होता.’

मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानात बारीक सूर सोडायचे, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. मी एकही सूर सोडत नाही तेव्हाही पुष्कळजण बटण दाबतात. कानाला शांतता फार वेळ सोसत नाही, तो आपणच काहीतरी रचून घेतो. चाहुलीचंही तसंच असणार, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती. समजूत पक्की होती, आणि चाहूल लागली की मी सूप चढवत होते.

२

इल्पो कागद कारखान्यांतली यंत्रं बसवतो, दुरुस्त करतो. ओसाकाजवळच्या एका कारखान्याचं काम त्याला मिळालं तेव्हा विमान सरळ रशियावरून यायचं. साडेनऊ तास. विमान हेलसिंकीला टेकलं की साधारण त्याच सुमाराला आमच्या दारात चाहूल यायची, आणि तासाभरानं इल्पो. अंतर वाढलं तशी चाहूल थोडी लवकर येऊ लागली, एवढंच.

मग लढाई सुरू झाली आणि रशियाचं आकाश बंद झालं. विमानं ध्रुवावरून वळसा घालून यायला लागली. साडेनऊचे तेरा तास झाले. दोन्ही विमानतळ होते तिथेच होते. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर तेवढंच भरत होतं. वाट तेवढी बदलली होती.

नव्या वाटेनं इल्पो पहिल्यांदा आला तो शनिवार होता. विमान संध्याकाळी पाचला उतरणार होतं. मी दुपारी भांडी घासत होते. दीड वाजला असेल. खडीवर पावलं वाजली. किल्ली, दोनदा. बॅग.

मी फोन काढून बघितलं. पडद्यावर विमानाचं छोटं पिवळं चित्र सगळ्या पांढऱ्याच्या मधोमध होतं. ध्रुवाजवळ. तिथून हलतच नसल्यासारखं.

पप्पा खिडकीपाशी कोडं सोडवत बसले होते. ते हसले. ‘आपला गाढव जुन्याच रस्त्यानं आला की! कुणी सांगितलं नाही वाटतं त्याला, बंद आहे म्हणून.’

मीही हसले. त्या दिवशी सूप मात्र वाया गेलं.

३

आमच्या घराला दोन दारं आहेत, इथे सगळ्याच घरांना असतात. त्या दोन दारांमध्ये एक बारकी खोली. थंडी तिथेच अडावी म्हणून केलेली, तिला आम्ही वाराखोली म्हणतो. कोट, बूट, बर्फ काढायचं फावडं, आणि बूट काढायला बसायचा एक बाक. बाकाचा एक पाय आखूड आहे. कुणी बसलं की तो कुरकुरतो, उठलं की पुन्हा कुरकुरतो. बाहेरच्या दाराशेजारी काचेची उभी पट्टी आहे, तेवढाच काय तो उजेड.

मे महिन्यातल्या एका शनिवारी पुन्हा दीड वाजता पावलं आली. किल्ली आली, बॅग आली. मी सुपात पळी फिरवत होते. एव्हाना सवय झाली होती. बॅग टेकली की चाहूल संपते.

त्या दिवशी बाक कुरकुरला.

मी पळी तशीच हातात धरून उभी राहिले. तो उठल्याचा कुरकुराट आता होईल, मग होईल, अशी वाट बघत. झाला नाही.

‘आला वाटतं,’ पप्पा म्हणाले.

‘लाकूड आहे पप्पा. ऊन तापलं की वाजतं.’

‘बसलाय तो.’

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. पप्पांना कानात यंत्र घातल्याशिवाय शेजारी करवत चाललेली ऐकू येत नाही. त्यांचे कान मी स्वतः तपासलेत. जेवण झालं की ते यंत्रं काढून बशीत ठेवतात, आणि त्या वेळी दोन्ही यंत्रं बशीत होती.

मी जाऊन आतलं दार उघडलं. कोट होते. बूट होते. फावडं होतं. बाकावर काचेतून आलेली उन्हाची पट्टी होती. कुणी नव्हतं. तरी मी पटकन दार लावून घेतलं. परक्याच्या खोलीत चुकून शिरल्यावर लावतो ना, तसं.

बाक पुन्हा कुरकुरला तो इल्पोच्या टॅक्सीचं दार वाजलं तेव्हा.

४

त्या संध्याकाळी आम्ही दोघं साउनात, अंगणातल्या वाफेच्या खोलीत, बसलो होतो. साउनात आवाज चढवायचा नाही, वाईट बोलायचं नाही, हे आम्हाला लहानपणीच शिकवतात. त्यामुळे अवघड गोष्टी आम्ही तिथेच बोलतो. इल्पोनं तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

‘जेवत नाहीस का तिकडे?’

‘चांगला दोन-दोन वाट्या भात हाणतो. हे विमानामुळे होतंय.’

‘झोप लागते का विमानात?’

‘आधी नाही लागत. सिनेमा बघतो, पाय मोकळे करतो, शेजाऱ्याच्या घोरण्याला शिव्या घालतो. नऊ-साडेनऊ तास झाले की लागते. मग अशी लागते की उतरायच्या वेळी विमानातल्या पोरीला मला हलवावं लागतं. आज तर तिनं गालावर मारलं. मारताना माफी मागत होती बिचारी.’ तो हसला, पण नुसत्या ओठांनी.

‘स्वप्नं पडतात?’

‘एकच पडतं. आपल्या वाराखोलीत बसलोय. आत तुमचं बोलणं चाललंय. सुपाचा वास येतोय. आतल्या दाराला काही कुलूप नाही, नुसतं ढकलायचं. पण ते माझ्याच्यानं होत नाही. आतून कुणीतरी ये म्हणायला पाहिजे.’

‘मग?’

‘मग काय, बसून राहतो. बूट काढायला वाकतो तर पायात बूटच नसतात.’ त्यानं आणखी पाणी टाकलं. ‘आज तू दार उघडलंस.’

दगड सळसळले. वाफेत त्याचा चेहरा दिसेनासा झाला.

‘सरळ माझ्याकडे बघितलंस. हातात पळी होती. आणि लावून घेतलंस.’

पळीचं मी त्याला सांगितलं नव्हतं. पप्पांनीही नव्हतं, ते तर इल्पो यायच्या आधीपासून त्यांच्या खोलीत झोपले होते.

५

‘सोडून दे ते काम,’ मी म्हटलं. एकदा नाही, उन्हाळाभर म्हणत राहिले.

‘ऑक्टोबरपर्यंत करार आहे. मध्येच सोडलं तर ते यंत्र कोण चालू करणार, तू?’

डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत, रक्त ठीक, झोप अपुरी. मलाही कुणी विचारलं असतं तर मी हेच म्हटलं असतं. एक थकलेला माणूस आहे, त्याला विमानात स्वप्नं पडतात. एक वाट बघणारी बायको आहे, तिचे कान शांततेत आवाज रचतात. अठरा वर्षं एका घरात राहिलेल्या माणसांचं स्वप्न आणि भास एकसारखे निघाले तर त्यात नवल काय? दवाखान्यातून गाडी चालवत येताना हे अगदी पटायचं. घराच्या फाटकापर्यंत पटायचं.

ऑगस्टमध्ये मी एक युक्ती केली. शनिवारी सकाळीच घराबाहेर पडले, दुकानांतून हिंडले आणि इल्पोला घ्यायला थेट विमानतळावर गेले. घरीच नव्हते तर ऐकणार काय? तो बाहेर आला तेव्हा मी त्याला एकदम ओळखलंच नाही. माझ्या समोरून पुढे गेला. मी हाक मारली तर थांबला, पण आवाज कुठून येतोय ते त्याला कळायला वेळ लागला.

घरी आलो. वाराखोलीत बाकावर एक कप होता. कॉफीनं काठोकाठ भरलेला, थंडगार, वर साय धरलेली.

‘पप्पा, हे काय?’

‘तू त्याला दिवसभर बाहेर ताटकळत ठेवतेस. मी निदान कॉफी दिली.’

‘त्याला आत बोलावलंत का?’ मी एवढ्या जोरात विचारलं की इल्पोनंही माझ्याकडे बघितलं.

‘नाही,’ पप्पा म्हणाले. ‘बोलावणार होतो. मग म्हटलं, मालकीणबाईंना विचारावं.’

रात्रीचं जेवण झाल्यावर इल्पो झोपला. मी पप्पांच्या शेजारी बसले.

‘चाहूल इतकी पुढे आली तर काय होतं, पप्पा?’

त्यांनी यंत्र नीट बसवलं. मग सावकाश म्हणाले, ‘ती पुढे चालते. माणसानं मागून येऊन तिला गाठायचं असतं. आई म्हणायची, चाहूल आपल्याआधी घरी पोचली पाहिजे, पण फार आधी नाही.’

‘आणि नाहीच गाठलं तर?’

‘ते तिनं कधी सांगितलं नाही.’

६

ऑक्टोबरातला शेवटचा फेरा. जायच्या आधी इल्पो म्हणाला, ‘हा एक झाला की मी बसच्या पुढे कशात बसणार नाही.’

त्या शनिवारी सकाळी बर्फ भुरभुरला होता. मी सूप केलंच नाही. साडेबारापासून स्वयंपाकघरात नुसती बसून होते, पप्पा समोर. यंत्रं बशीत.

पावलं आली. खडीवर बर्फ असताना पावलं वाजतात तशी नाही, ओल्या फडक्यासारखी. किल्ली वाजली नाही. बॅगही नाही. बाहेरचं दार उघडलं नि लागलं, आणि लगेच बाक कुरकुरला, कुणीतरी अंग टाकून दिल्यासारखा.

फोनवर पिवळं विमान होतं. मी ते बघत राहिले. वाराखोलीतून श्वास ऐकू येत होता, दमलेल्या माणसाचा, तोंडानं घेतलेला. मी स्वतःला म्हटलं, वारा आहे. दाराच्या फटीतून येतोय.

दोन वाजून गेले असतील. पिवळं विमान वळलं. हेलसिंकीकडे यायचं सोडून नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे निघालं. थोड्या वेळानं खाली एक ओळ आली. प्रवाशाच्या प्रकृतीच्या कारणामुळे विमान ट्रॉम्सोला उतरत आहे.

कोणता प्रवासी, हे तिथे लिहिलेलं नव्हतं.

बाक कुरकुरला. तो उठला होता. आतल्या दारापर्यंत दोनच पावलं आहेत, ती दोन्ही मी ऐकली. मग दाराची मूठ हळूच खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली. इतक्या महिन्यांत मुठीला कधी हात लागला नव्हता.

‘पोरी,’ पप्पा उठत म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ‘माझा पोरगा आहे तो. थंडीत उभा आहे.’

‘नाही पप्पा.’

‘अगं, मी बाप आहे त्याचा!’ आणि त्यांनी दाराकडे तोंड करून श्वास घेतला, हाक मारायला.

मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. शहाऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडावर. त्यांचे दात माझ्या तळव्याला लागले. ते धडपडत होते, माझ्या मनगटाला धरून ओढत होते, आणि मी त्यांना भिंतीशी दाबून धरलं होतं. मूठ खाली-वर होत होती.

‘इल्पो,’ मी दाराला म्हटलं. ‘इथे येऊ नकोस. तू अजून पोचलेला नाहीस.’

मूठ थांबली.

‘विमान तिकडे उतरतंय. तू तिकडे आहेस. तिकडे जा. मी तुला आत घेणार नाही, ऐकलंस? कितीही वेळ बसलास तरी घेणार नाही. परत जा.’

माझा आवाज कापत नव्हता. नंतर मला त्याचीच भीती वाटली. मी नवऱ्याला वाचवत होते की घरातून हाकलत होते, हे त्या घडीला मला ठाऊक नव्हतं. आणि मी म्हणत राहिले, परत जा, परत जा. कुत्र्याला म्हणतात तसं.

बराच वेळ काही झालं नाही. मग मूठ सावकाश वर आली, कुणीतरी ती अगदी जपून सोडल्यासारखी. बाहेरचं दार वाजलं.

मी पप्पांना सोडलं आणि वाराखोलीत धावले. बाहेरचं दार उघडायचा धीर झाला नाही. काचेच्या पट्टीला डोळा लावला. काच धुरकट, बाहेर पांढरं. पाठमोरा एक माणूस अंगण ओलांडून चालला होता. खांद्यावर विमानात देतात तसलं राखाडी पांघरूण. पायात नुसते मोजे. तो फाटकाकडे गेला नाही. बटाट्याच्या शेतात शिरला, जिकडे रस्ता नाही, घर नाही, नुसती उत्तर आहे. माझा श्वास काचेवर साचला. मी बाहीनं पुसला तेव्हा शेत रिकामं होतं.

पप्पा मागे उभे होते. ओठ पुसत म्हणाले, ‘माझ्या लेकराला तू दारातून हाकललंस.’

७

ट्रॉम्सोच्या इस्पितळातून फोन आला तेव्हा अंधारून आलं होतं. नर्स मोडक्या स्वीडिशमध्ये सांगत होती, आम्हा दोघींना थोडीफार येणारी भाषा तेवढीच. विमानात त्याची नाडी लागेनाशी झाली होती. उतरवलं तेव्हाही नव्हती. गाडीत घालून दार लावल्यावर तो एकदम उठून बसला आणि पाय दुखतात म्हणून ओरडला.

‘पाय?’ मी विचारलं.

‘तळवे सोलवटलेत. मोज्यांच्या चिंध्या झाल्यात. तुमचे पती विमानात अनवाणी चालत होते का? कर्मचारी तर म्हणतात ते जागचे हलले नाहीत.’

मी फोन पप्पांच्या हातात दिला. त्यांनी यंत्र घातलेलं नव्हतं, काही ऐकू आलं नसेल. माझ्या तोंडाकडे बघूनच ते खाली बसले आणि रडायला लागले. मग म्हणाले, ‘बटाटे तरी चढव. सकाळपासून काही खाल्लेलं नाही आपण.’

आठवड्यानं इल्पो घरी आला, बसनं आणि आगगाडीनं. दोन्ही पायांना पट्ट्या. आला तसा थेट आत आला. मी त्याला धरलं, तो खरा होता. त्याला घामाचा आणि औषधाचा वास येत होता. मी त्याला काहीच विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. नोव्हेंबर गेला. पायांना नवी कातडी आली, तो भरपूर जेवायला लागला. पप्पा त्याला गाढव म्हणायला लागले. सगळं ठीक झालं असंच कुणीही म्हटलं असतं.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघं टेबलाशी उकडलेले बटाटे सोलत होतो. तो मान वर न करता म्हणाला, ‘तू परत जा म्हणालीस ते मी ऐकलं.’

माझी सुरी थांबली.

‘राग नाही. बरं केलंस. पण ते लांब होतं गं. सगळं पांढरं. मी आपला चालतोय, चालतोय. आणि समोरून लोक येत होते.’

‘कोण लोक?’

‘आमच्या विमानातले. पांघरुणं घेतलेले. आपापल्या घरी निघालेले. मी एकटाच उलटा. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. डोळे मिटलेले होते त्यांचे.’ त्यानं बटाट्याचं साल बोटानं ओढलं. ‘एका बाईचे उघडे होते. माझ्या पुढच्या रांगेतली, तपकिरी लोकरीची टोपी घातलेली म्हातारी. आपल्या उत्तरेकडच्या हेलात बोलायची. तिनं मला थांबवलं.’

‘इल्पो, राहू दे आता.’

‘इस्पितळात नर्सनं सांगितलं, विमानातून दोघांना उतरवलं होतं. मला आणि एका म्हातारीला. ती काही उठली नाही.’

चुलीवर पाणी उकळत होतं. मी उठून ते बंद केलं, कारण त्या आवाजात मला त्याचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकायचं नाही असं ठरवूनही मी ऐकत होते.

‘कशाला थांबवलं तिनं?’

‘तिनं विचारलं, केमी गाव अजून किती लांब आहे. केव्हाची चालतेय म्हणाली, मुलगी वाट बघत असेल.’ त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. ‘तिला मागे फीर म्हणायला हवं होतं ना मी? मला माहीत होतं, साइला. तू आत्ताच तर मला सांगितलं होतंस.’

‘मग तू काय म्हणालास?’

‘पाय फार दुखत होते. थांबायचं नव्हतं मला,’ इल्पो म्हणाला. ‘मी म्हटलं, हे काय, आलंच.’